आसरा

आमच्याकडं आसरा या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक आसरा म्हणजे डोक्यावर छप्पर. दुसऱ्या त्या पाण्यातल्या साती आसरा. नदीकाठी, विहिरीच्या कडंला सात दगड मांडून त्यांना शेंदूर लावलेला असतो. बाया तिथं हळदीकुंकू, हिरव्या बांगड्या, दहीभात ठेवतात. पाण्यात माणूस गेला की म्हातारी माणसं म्हणायची, आसरांनी नेला. राहायला मिळतो तोही आसरा आणि बुडवून नेतात त्याही आसरा. भाषेच्या जाणकारांनी याचं काय उत्तर काढलं असेल ते असो. कृष्णेच्या काठावर जन्म काढलेल्या माणसाला त्यात वावगं काही वाटत नाही. ज्या पाण्यावर आमचा ऊस उभा राहतो तेच पाणी चार-दहा वर्षांनी घरात शिरून चूल विझवतं.

माझं गाव वाळवे तालुक्यात, नदीकाठाला. शिक्षण दहावीपर्यंत, पुढं नांगर. तत्त्वज्ञान वगैरे मला कळत नाही, पण एक प्रश्न गेली काही वर्षं डोक्यात घर करून बसलाय, तो लिहून काढतोय. ज्याचं घर पडलं त्याला आसरा देणं, आणि ज्याला घरच नव्हतं त्याला आसरा देणं, हे एकच पुण्य आहे का दोन वेगळ्या गोष्टी आहेत?

पहिल्या प्रकारचा आसरा मी लहानपणापासून बघितलाय. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या गावातही भांडी खाली आली, म्हशी दावं तोडून पळाल्या. पाटण भागात मावशी दिलेली. तिचं घर बसलं. कोयनानगर तर पार कोसळलेलं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. मावशी सांगायची की थंडीचे दिवस, महिनाभर सगळं गाव मोकळ्या रानात झोपत होतं. कोण कुणाच्या वाकळंत शिरलंय याचा पत्ता नाही. घर शाबूत असलेला माणूससुद्धा भीतीनं बाहेर. मग कोण कुणाला आसरा देणार? ज्याच्याकडं ताडपत्री तो देव.

तसंच २०१९ च्या पुरात झालं. ऑगस्टचा पहिला आठवडा. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. त्याच्या पुढं पाणी जाणार नाही अशी आमची समजूत होती, आणि तो आकडा धरून लोकांनी जोती बांधली होती. या वेळी ते ५७ च्या वर गेलं. ८ तारखेला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली, त्यात बायका-पोरं. ती बातमी आली त्या रात्री आमच्या देवळात कुणी जेवलं नाही.

आमच्या गावात उंचवट्यावर तीन जागा. भैरोबाचं देऊळ आणि त्याचा सभामंडप, मशिदीमागचा जमातखाना, आणि जैन बस्तीचं सभागृह. गावाचं निम्मं पाण्यात गेलं आणि निम्मं या तीन जागांत आलं. कुणी ठरवलं नाही. देवळात जागा संपली म्हणून माणसं जमातखान्यात गेली, तिथली संपली म्हणून बस्तीत. जमातीच्या पोरांनी तराफ्यावर माणसं आणली. ट्रॅक्टरच्या ट्यूबा बांधून केलेला तराफा. बस्तीतल्या अण्णांनी स्वतःच्या गोदामातनं तांदूळ काढला. स्वयंपाक देवळापुढं, एकाच भल्या मोठ्या चुलवाणावर. कांदा घालायचा का नाही यावर पहिल्या दिवशी वाद झाला, कारण बस्तीतल्या म्हाताऱ्यांना तो चालत नाही. शेवटी दोन भांडी झाली. वाद झाला तो एवढाच. १२ तारखेला बकरी ईद आली. त्या दिवशी सदरसाहेबांनी सांगितलं की नमाज होईल, बाकीचा पैसा अंथरुणांना. मिरजेहून चर्चची मंडळी औषधं घेऊन आली, कुठून कुठून शीख पोरं लंगराचं सामान घेऊन सांगली-कोल्हापुराकडं उतरली. माणुसकी दिसली, दिसली म्हणून पेपरांत छापून आलं. खोटं काहीच नव्हतं त्यात.

आमच्या भागाला हे तसं नवंही नाही. आमच्याच तालुक्यात गोटखिंडीला १९८० पासून गणपती मशिदीत बसतो. कडेगावचे उंच ताबूत बघायला हिंदू-मुसलमान सारखेच जमतात, ते बांधायलाही सारखेच हात लागतात. म्हणजे एकत्र येण्याची आम्हाला सवय आहे. पण मला आता वाटतं, सण एकत्र करणं वेगळं आणि जागा एकत्र देणं वेगळं. सणाला शेवटचा दिवस असतो.

पुराच्या चौथ्या दिवशी देवळात एक बिऱ्हाड आलं. डवरी गोसाव्याचं. म्हातारी, तिचा मुलगा, सून, तीन पोरं. त्यांची पालं नदीकडंच्या गायरानात. पालं वाहून गेली, दोन शेरडं गेली, डवर तेवढा म्हाताऱ्या बाईनं छातीशी धरून आणलेला. ही माणसं भैरोबाचीच. भगवी कफनी घालून, भैरवनाथाचं नाव घेत दारोदार पसा-पसा पीठ मागत फिरतात. म्हणजे देवाच्या नात्यानं बघितलं तर त्या मंडपावर आमच्याइतकाच त्यांचा हक्क. पण वर्षभरापूर्वीच, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पोरं पळवणारे समजून पाच जणांना जमावानं ठेचून मारलं होतं. ते पाचही नाथपंथी डवरी गोसावी, मंगळवेढ्याकडचे. आमच्या गावात ते सगळ्यांना माहीत होतं. मारणाऱ्यांनी वाईट केलं असं सगळेच म्हणायचे, तरीही गोसावी आत आल्याबरोबर चार-दोन आयांनी आपली पोरं जवळ ओढली. हे मी बघितलं. त्या गोसाविणीच्या सुनेनंही बघितलं. तिनं आपली पोरं ओढून घेतली. राईनपाड्यानंतर भ्यायचं कारण खरं तिला होतं.

आणि मग कुणीतरी बोललं. नाव घेत नाही, चांगला माणूस आहे, त्या आठवड्यात त्यानं स्वतःच्या पाठीवर म्हाताऱ्या माणसांना वाहून आणलं होतं. तो म्हणाला, "ह्येंचं घर कुठं हुतं म्हणून पुरात गेलं?"

लोक हसले. मीही त्या शब्दांवर नंतर पुष्कळ विचार केला. बोलणं लागट होतं, पण त्यात एक खरा हिशोब होता. आम्ही बाकीच्यांना आसरा देत होतो तो उसना होता. आज तू माझ्याकडं, पाणी उतरलं की तू तुझ्या घरी, उद्या माझ्यावर वेळ आली तर मी तुझ्या दारात. शेजारधर्म म्हणतात तो हाच, आणि तो काही लहान नाही. गावगाडा त्यावर चाललाय. पण ज्याला परत जायला घर नाही त्याला दिलेला आसरा परत येत नाही. तो कधी संपेल हेही सांगता येत नाही. माणूस खर्चाला भीत नाही, शेवट न दिसण्याला भितो.

पाणी उतरलं. लोक घरी गेले, चिखल काढायला लागले. सरकारनं खेड्यात कुटुंबाला १० हजार आणि शहरात १५ हजार रुपये जाहीर केले. पंचनामे झाले. पंचनामा घराचा होतो. पालाला घर नंबर नाही, नंबर नाही म्हणून यादीत नाव नाही. पंचनामा करणाराही काय करणार, त्याच्या कागदावर रकानाच नव्हता.

तेव्हा देवळाची कमिटी, मशिदीची जमात आणि बस्तीचे ट्रस्टी बसले आणि त्यांनी पाळी लावली. पाणीपाळी लावतात तशी. उपसा सिंचनाची पाळी आम्हाला पाठ, सोमवार तुझा, मंगळवार माझा. तसं आठ दिवस देवळात, आठ दिवस जमातखान्यात, आठ दिवस बस्तीत. ज्याची पाळी त्यानं जेवण आणि देखरेख बघायची. परदेशात कुठं कुठं चर्च आणि इतर धर्मांच्या मंडळींनी अशाच पाळ्या लावून बेघर कुटुंबं सांभाळल्याचं पुढं एका शिकलेल्या नातलगाकडनं ऐकलं. आमच्या माणसांनी ते कुठं वाचलं नव्हतं. पाटाच्या पाण्यावरनं सुचलं. मला त्याचं अजून कौतुक वाटतं. आठवडाभर कुणीही उदार होऊ शकतो, हे ओळखून केलेली व्यवस्था होती ती.

पण पाण्याला पाळी लावणं सोपं असतं. पाण्याला कपडे बांधायचे नसतात.

देवळात असताना गाभाऱ्याच्या बाजूला सुनेनं महिन्यातले चार दिवस जायचं नाही, मंडपात अंडं शिजवायचं नाही. जमातखान्यात नियम कमी, पण शुक्रवारी गर्दी, तेव्हा बायांनी दुपारभर मागच्या खोलीत बसायचं. बस्तीत दिवस मावळायच्या आत जेवायचं आणि कांदा-बटाट्याला मज्जाव. प्रत्येकाचे नियम त्यांच्या त्यांच्या ठिकाणी बरोबरच होते, कुणी त्रास द्यायला केले नव्हते. गोसाव्यांनीही सगळे पाळले, एका शब्दानं कुरकूर नाही. एकदा मी तांदळाचं पोतं पोचवायला गेलो होतो. त्या दिवशी बिऱ्हाड देवळातनं जमातखान्यात चाललं होतं. म्हातारीनं भांडी गोणपाटात बांधता बांधता मला विचारलं, "तात्या, देव बदलला की आमी बिऱ्हाड बदलायचं. आमचा देव कुठं ऱ्हातो म्हनायचा?"

मी म्हणालो, "मावशी, देव सगळीकडंच हाय की."

"सगळीकडं हाय त्यो त्येची तो हाय. मला एक चूल पायजे. माझी मी पेटवीन, माझी मी इझवीन."

याला मी काय उत्तर देणार. शेतकऱ्याला चूल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. भाऊ वेगळे निघतात तेव्हा आधी चूल वेगळी होते, जमीन मागनं वाटली जाते.

भाद्रपद आला आणि सगळी व्यवस्था कोलमडली. त्या वर्षी पंचांगानंच गंमत केली. मोहरम १ सप्टेंबरला लागला, २ तारखेला गणेश चतुर्थी, ३ तारखेपासून जैनांचं दशलक्षण पर्व. तिन्ही ठिकाणी देव एकदमच घरी आले. मंडपात गणपती, जमातखान्यात पंजे आणि सरबताची तयारी, बस्तीत रोजची पूजा-प्रवचनं. पाळी कुणाची? मंडळातल्या पोरांनी चांगला विचार केला. पूर आहे म्हणून वर्गणी निम्मी पूरग्रस्तांना दिलीच होती. ती म्हणाली, गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो, तर आपल्या गणपतीशेजारी माणूस का बसू नये? मधे पडदा लावू. पोरांचं मन मोठं, पण पडद्यापलीकडं दहा दिवस स्पीकर आणि रात्री दोनपर्यंत माणसांची ये-जा, त्यात एक सून आणि तीन पोरं कशी झोपणार, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. सून नको म्हणाली. तोंडावर कुणाला नको म्हणायची तिची ती पहिली वेळ असावी.

मग कुणीतरी म्हणालं, विहारात विचारा.

बौद्ध वस्ती आमच्या गावात खालच्या अंगाला. पुरात विहारात छातीएवढं पाणी. ती माणसं त्या आठवड्यात देवळाच्या मंडपात राहिली होती, ज्या मंडपाच्या पायरीवर त्यांच्या आज्याला चढता येत नव्हतं. सर्वधर्म म्हणून जी बैठक झाली, पाळी लागली, त्या बैठकीला देऊळ होतं, मशीद होती, बस्ती होती. विहाराला कुणी बोलावलं नव्हतं. मुद्दाम नाही. आठवलंच नाही, आणि न आठवणं हा मुद्दाम विसरण्यापेक्षा जुना रोग आहे. आम्ही चौघं गेलो तेव्हा तिथला एक निवृत्त शिपाई विहाराच्या भिंतीचा चिखल खरवडत होता. त्यानं ऐकून घेतलं, हात धुतले आणि म्हणाला, "जागा हाय. पर आमास्नी चौथी पाळी नको. यायचं तर ऱ्हायला येऊ द्या, पाळीला नको."

गोसाव्याचं बिऱ्हाड विहारात गेलं. विहारामागं ग्रामपंचायतीची जुनी बालवाडीची खोली होती, दार नव्हतं. वस्तीतल्या पोरांनी दार बसवलं, पत्रा सदरसाहेबांनी दिला, सिमेंट बस्तीनं, आणि देवळाच्या कमिटीनं दोन ब्रास वाळू. म्हातारीनं आपल्या हातानं तीन दगडांची चूल मांडली.

इथं गोष्ट संपवली तर ऐकायला गोड लागेल. पण खरा पेच पुढंच आहे. तिन्ही संस्थांना मिळून वाटलं की या कुटुंबाला गुंठाभर जागा द्यावी, कायमची. सरकारचं घरकूल तेव्हा १ लाख २० हजारांचं मिळत होतं, पण त्याला पायाखाली स्वतःची जागा लागते. भटक्यांसाठी मुक्त वसाहतीची योजना आहे, यशवंतराव चव्हाणांच्या नावाची, पण ती मुळात वीस कुटुंबांची वसाहत धरून आखलेली. हे एकच. जागा कुठली द्यायची? देवळाला जमीन आहे, ती देवस्थान इनाम, परवानगीशिवाय हलवता येत नाही. मशिदीची वक्फ, एकदा देवाला दिली की माघारी येत नाही. बस्तीची ट्रस्टची, तिला धर्मादाय आयुक्तांची मंजुरी. गायरानावर तर २०११ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासनं बोट ठेवायची सोय नाही. गावात तीन देवांच्या नावावर मिळून किती एकर आहे ते मी लिहीत नाही, पण बरंच आहे. जमीन देवाच्या नावावर आणि देवाला सही करता येत नाही. राहिला खाजगी मालक. तर १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आडवा. कायदे खोटे नाहीत. देवाची जमीन पुढाऱ्यांनी लाटू नये म्हणूनच ते केलेत, आणि ते नसते तर आमच्या देवळाची कधीच प्लॉटिंग झाली असती. तरी त्या बैठकीत कायद्याचं नाव निघाल्यावर काही तोंडं सुटल्यासारखी दिसली. महिनाभर पोटभर जेवू घालणारी तीच तोंडं.

मला समजून घ्यायचंय ते हे. भाकरी देताना हात आखडत नाही आणि गुंठा म्हटलं की का आखडतो? जमीन महाग आहे हे उत्तर अर्धंच आहे. माझ्या मते खरं कारण असं, की भाकरी दिली की देणारा देणाराच राहतो. गुंठा दिला की तो शेजारी होतो. मग तो ग्रामसभेत बोलणार, नळाला भांडणार, त्याचं पोरगं आपल्या पोराच्या बाकावर बसणार, आणि पुढच्या पुरात मंडपात त्याला कुणी विचारू शकणार नाही की तुझं घर कुठं होतं. धर्मानं दान शिकवलं, सगळ्याच धर्मांनी. शेजारी करून घ्यायला फार थोड्यांनी शिकवलं.

थोड्यांत आमच्याच महाराष्ट्रातली माणसं आहेत म्हणून नाव घेतो. गाडगेबाबांनी आयुष्यभर देवळं बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरला चोखामेळ्याच्या नावानं बांधली. आणि भाऊराव पाटील, आमच्या तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकच्या घराण्यातले, जैन घरातले. १९१९ ला कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्याला बोर्डिंग. सगळ्या जातीची पोरं एका छपराखाली, एका पंगतीला. लक्ष्मीबाईंनी त्या पोरांसाठी अंगावरचं सोनं मोडलं, हे साताऱ्यात पोरासोरांना माहीत. पण मला त्यातलं सोन्यापेक्षा दुसरंच मोठं वाटतं. बोर्डिंगातली पोरं आश्रित नव्हती. कामं करायची, शेतात राबायची, आपलं आपण शिजवायची. जागा त्यांची होती. कुणाच्या पाळीवर नव्हती ती.

२०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर खाली आला. आमच्या गावातनं तिन्ही ठिकाणचं आणि विहाराचंही धान्य एका टेम्पोतनं गेलं. या वेळी चौघांना बोलावलं होतं. टेम्पोबरोबर मी गेलो. शाळेच्या वर्गात फळ्याखाली माणसं बसलेली. एक बाई म्हणाली, घर दिसत नाही, घर होतं ती जागाच दिसत नाही. तिच्याकडं सातबारा होता, आठ-अ होता, घरपट्टीची पावती होती. घर गेलं, कागद राहिला. मला आमची म्हातारी आठवली. तिची चूल पेटत होती आणि कागद नव्हता.

बालवाडीच्या खोलीत ते बिऱ्हाड अजून आहे. मुलगा सुगीत कामाला जातो, गावोगाव फिरणं कमी केलंय. थोरला नातू शाळेत जातो. ग्रामसभेनं राहू द्यायचा ठराव केलाय, मिळकत नंबर दिला नाही, कारण इमारत पंचायतीची. म्हातारीच्या डोक्यात कुणीतरी भरवलंय की घरपट्टीची पावती असली की घर आपलं होतं. तसं नसतं हे मी तिला दोनदा सांगितलं. तरी दर मार्चला पदराच्या गाठीला पैसे बांधून ती पंचायतीत जाते आणि म्हणते, माझी पट्टी घ्या. गेल्या मार्चलाही गेली होती. तिथल्या माणसानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा मागवला. पावती काही दिली नाही.